दिवाळीचा फराळ कोप्यांवर देताना



दिवाळीची सवलतीची साखर घरात आली की गावोगाव कढया चुलीवर चढतात. नेमक्या त्याच सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, चाळीसगाव भागातून तोडणीच्या टोळ्या आपल्या रानात येऊन उतरतात. दसरा झाला की त्यांचं गाव सुटतं आणि बऱ्याच जणांची दिवाळी रस्त्यात नाही तर कोपीवरच होते. आपल्या घरचा फराळ त्यांच्याकडे पोचवायची रीत बहुतेक गटांत आहे. रीत चांगलीच आहे. ती पार कशी पाडावी याविषयी थोडं लिहितो, कारण या कामात आमच्या हातून एक चूक झाली होती.

२०१९ च्या हंगामातली गोष्ट. आमच्या शिवारात गाडीवानांची एक टोळी उतरली होती. आम्ही पाच-सहा घरांनी फराळ गोळा केला. चिवडा, लाडू, शेव, सगळं पातळ कॅरीबॅगांत भरून, गाठी मारून पाठवलं. दोन-अडीच महिन्यांनी त्यातल्या एका गाडीवानाचा बैल वैरण खाईना. रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. डॉक्टर आले, पोट उघडलं, आणि आतून पिशव्या आणि सुतळीचा हा एवढा गोळा निघाला. बैल वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढा गोळा एका दिवसात होत नाही, महिनोन् महिने साठत जातो. म्हणजे सगळ्या पिशव्या आमच्याच होत्या असं नाही. पण आमच्या नव्हत्याच, असं म्हणायची सोय मला तरी नाही.

एका बैलावर गाडी चालत नाही. मुकादमाची उचल अंगावर, हंगाम निम्मा शिल्लक, आणि नवा बैल घ्यायचा तर तो उसना पैसा कुठून आणायचा? नवरा-बायकोचा तो कोयता पुढचे दिवस दुसऱ्याच्या मोळ्या वाहून काढत होता.

बैल पिशवी का खातो? जनावर ओठानं निवडून खात नाही, जीभ फिरवून घास ओढून घेतं. खाताना फारसं चावतही नाही, ते काम नंतर रवंथ करताना होतं. पिशवीला तेलाचा, मिठाचा, गोडाचा वास असला की वाढ्याबरोबर तीही जाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबून विरघळते, पण प्लॅस्टिक विरघळत नाही आणि पुढच्या बारीक वाटेनं सरकतही नाही. तिथंच पडून राहतं, दुसरी पिशवी त्याला गुंडाळते, सुतळी अडकते. बाहेरून काही कळत नाही. जनावर खातं-पितं दिसतं आणि हळूहळू खंगत जातं. कळतं तेव्हा पोट उघडण्याशिवाय इलाज नसतो, आणि तोही दरवेळी लागू पडत नाही. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. बाजारात मात्र त्या अजून मिळतात, हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे.

दुसरा धोका पुण्याच्या पोटी होतो. वसुबारसेला गाईला नैवेद्य दाखवतात, तो घासभर असतो, त्याला हरकत नाही. पण सण उरकल्यावर उरलेला भात, पुरण, पोळ्या, पीठ टोपलीनं गोठ्यात नाही तर गाड्यांच्या बैलांपुढं ओतायचं, हे बंद करा. एकदम एवढं पिठूळ-गोड पोटात गेलं की ते झपाट्यानं आंबतं आणि पोटात आम्ल तयार होतं. दुसऱ्या दिवशी जनावर सुस्त पडतं, पातळ आंबूस शेण टाकतं. वेळीच डॉक्टर मिळाला नाही तर दगावतंही. उरलेलं अन्न माणसांत वाटा, नाहीतर उकिरड्यात जिरवा.

आता फराळाकडे वळू. कोपीत फळी नाही, कपाट नाही, घट्ट झाकणाचे डबे तर नसतातच. रात्री दव, दिवसा धूळ, आणि मुंग्या कायमच्या. तेव्हा आपल्या घरी जे टिकतं ते तिथं टिकेलच असं नाही. ओल्या खोबऱ्याची करंजी, ओलं खोबरं घातलेले रव्याचे लाडू हे करायचेच असतील तर त्याच दिवशी द्या. दोन दिवसांत त्यांना वास येतो. चकली आणि शेव दमट हवेत मऊ पडतात. चिवड्यातलं सुकं खोबरं आणि दाणे काही दिवसांनी खवट होतात, कारण तेलाला हवा आणि ऊन लागलं की ते बिघडतं. बेसनाच्या लाडवात पाणीच नसतं, म्हणून तो टिकतो. पाकातला लाडूही टिकतो. आपल्या साखरेचा तो गुण आहे: पाक दाट झाला की साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीला लागणारी ओल मोकळी राहत नाही. म्हणूनच पाक एकतारीच्या आत राहिला तर लाडवाला लवकर बुरशी धरते. शंकरपाळी खरपूस तळलेली असली तर सगळ्यात सोयीची. लेकरांच्या मुठीत मावते आणि पहाटे फडात नेता येते.

मला विचाराल तर सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे शेंगदाणा-गुळाचा लाडू. तळण नाही, पाकाची कटकट नाही. शेंगदाण्यात वजनाच्या चौथाई हिश्श्याइतकी प्रथिनं असतात. पहाटे तीन-चारला उठून दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईला त्याचा आधार होतो. दाणे मात्र ताजे घ्या. बुरशी धरलेले, कडवट दाणे निवडून टाका, ते विषारी असू शकतात.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे पण बोलतो. काही घरांत स्वतःचं तळण आधी ताज्या तेलात होतं आणि द्यायचा घाणा शेवटी, काळ्या पडलेल्या तेलात. असं करू नये. वारंवार तापवलेल्या तेलात घातक पदार्थ वाढत जातात. म्हणून हॉटेलवाल्यांसाठी २०१८ च्या जुलैपासून त्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे, २५ टक्के. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल फेसाळलं, चिकट झालं, लवकर धुरू लागलं की ते उतरलं समजावं. ते गटारात किंवा चारीत ओतू नका. राखेत जिरवून थोडं थोडं उकिरड्यात टाका.

भरून कशात द्यायचं? वर्तमानपत्राच्या कागदात नको, शाईचा अंश तेलकट पदार्थात उतरतो. जुन्या सुती लुगड्याच्या पिशव्या आमच्या घरात शिवल्या. एका लुगड्यात बऱ्याच निघतात आणि नंतर त्या बायकांना भाकरी बांधायला उपयोगी पडतात. पत्रावळी, द्रोण, केळीचं पानही चालतं. डबा द्यायचा तर झाकणासकट द्या आणि परत मागू नका.

आणि एकदा विचारून द्या. मागल्या हंगामात मी एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, गोडधोड लई झालं. लेकरांच्या अंगावर घालायला बघा कायतरी, पहाटं लई गारठतेत." खरंच होतं. दिवाळीच्या चार दिवसांत दहा घरचा फराळ येतो आणि पुढं पाडव्यापर्यंत कोणी फिरकत नाही. तेव्हापासून आम्ही फराळ निम्मा केला. राहिलेल्या पैशातून मार्गशीर्षात स्वेटर, कानटोप्या आणि खोबरेल तेल नेतो. संक्रांतीला तीळ-गूळ असतोच.

फटाक्यांबद्दल एवढंच: कोप्या पाचटाच्या, ताडपत्रीच्या असतात आणि आत लहान मुलं झोपलेली असतात. बाण, रॉकेट कोप्यांच्या आणि उसाच्या बाजूला लावू नका. जळीत उसाची कपात आपल्याच बिलातून होते, हे काही सांगायला नको.

फराळ एकाच दिवशी एकाच टोळीवर जाऊन पडू नये म्हणून शेतकी विभागाच्या गट कार्यालयात विचारा. कोणती टोळी कुठं उतरली आहे आणि किती लेकरं आहेत हे तिथल्या चिटबॉयला ठाऊक असतं. देऊन परतताना रिकाम्या पिशव्या, दोऱ्या आपल्या हातानं गोळा करून आणा. बैल बांधलेल्या जागेवरून तर एक फेरी माराच.