सायलेन्सर कुठला टाकू रे?

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सध्या तीन आर.एक्स. १०० उभ्या असतात आणि तिघांच्याही मालकांनी मला एकदा तरी विचारलंय, "सायलेन्सर कुठला टाकू रे?" मित्रांनो, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं चुकीचं उत्तर मला साडेतीन हजार रुपये, एक पिस्टन आणि बाबांचा आठ दिवसांचा अबोला इतक्याला पडलं. म्हणून हा लेखप्रपंच.

गाडी बाबांची, १९९४ चं मॉडेल. ९८ सीसी, ७५०० आर.पी.एम.ला ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम १०३ किलो. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी बनली, पण तिचं वेड अजून उतरलेलं नाही. आपल्याकडे समज असा, की सायलेन्सर जितका मोकळा तितकी पॉवर जास्त. पुंगळी काढली की गाडी पळते! खरं म्हणजे आवाज वाढतो आणि आपल्याला वाटतं वेग वाढला.

आता थोडं इंजिनात डोकावू. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि त्यांची उघडझाप पिस्टनच करतो. खाली जाताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतं, मग ट्रान्सफर पोर्ट. वर येताना याच्या उलट: ट्रान्सफर आधी बंद, एक्झॉस्ट शेवटी. म्हणजे पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत आलं तरी बाहेरचं दार काही क्षण उघडंच! त्यातलं बरंच मिश्रण न जळताच पळून जातं.

इथे सायलेन्सर कामाला येतो. पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाइपमध्ये सुटते. पाइप जिथे रुंद होत जातो तिथून कमी दाबाची लाट परत येते आणि जळका धूर ओढून काढते. सोबत थोडं ताजं मिश्रणही पाइपात खेचलं जातं. मूळ लाट पुढे जाते. पाइप जिथे निमुळता होतो तिथून जास्त दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर आलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबते. एस.टी.चा कंडक्टर दारात लटकलेल्यांना आत ढकलून मग दार लावतो ना, अगदी तसं. फक्त ढकलायची वेळ चुकता कामा नये.

पूर्व जर्मनीच्या एम.झेड. कंपनीत वॉल्टर काडन या इंजिनिअरने या लाटांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००! त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोचला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद सुझुकीकडे गेलं, रायडर अर्थात डेग्नरच.

आता वेळेचं गणित. थर्मोमध्ये आपण 'रूट गॅमा आर टी' पाठ करतो, ते इथे कामी येतं. वायूचं तापमान ३५० अंश सेल्सिअस धरलं तर लाटेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५०० मीटर. समजा एक्झॉस्ट पोर्ट १८० अंश उघडं राहतं. ७५०० आर.पी.एम.ला एक फेरी ८ मिलिसेकंदांची, म्हणजे पोर्ट उघडं फक्त ४ मिलिसेकंद. तेवढ्यात लाट २ मीटर जाते. जाऊन परत यायचंय, म्हणून निमुळता भाग साधारण १ मीटरवर हवा. १०,००० आर.पी.एम.साठी हेच अंतर येतं पाऊण मीटर.

मी घेतलेला 'रेसिंग एक्स्पान्शन' तसाच आखूड होता. दुकानदाराला मी विचारलं ते एवढंच, "आवाज कसा येतो?" तो कुठल्या आर.पी.एम.साठी बनवलाय, हे विचारायचं सुचलंच नाही. ५००० आर.पी.एम.ला पोर्ट ६ मिलिसेकंद उघडं असतं आणि या पाइपमधली लाट ३ मिलिसेकंदांतच परत येते. दार सताड उघडं असताना कंडक्टर ढकलून मोकळा! नंतर मिश्रण आरामात बाहेर. त्यामुळे शहरात गाडी मेल्यासारखी चालायची आणि वरच्या आर.पी.एम.ला एकदम उसळायची.

कात्रजच्या घाटात रूममेट मागे बसला होता. गाडी ओढेना म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून पिळली. पाइप बदलला तेव्हा कार्ब्युरेटरचा मेन जेट मात्र जुनाच ठेवला होता. नवीन पाइपमुळे वरच्या आर.पी.एम.ला हवा जास्त ओढली जायची आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढायचं नाही. मिश्रण लीन झालं, इंजिन तापलं आणि पिस्टन सीज. मागचं चाक जागच्या जागी लॉक! क्लच दाबला म्हणून सावरलो. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारून ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत, पण त्याचंच बरोबर होतं. प्लग काढून पाहिला तर पांढराफटक. तो आदल्या दिवशीच पाहिला असता तर कळलं असतं. मिश्रण ठीक असेल तर प्लग चॉकलेटी दिसतो.

तेव्हा सायलेन्सर निवडायचा तर क्रम असा. पहिलं, आपण रोज कुठल्या आर.पी.एम.ला चालवतो ते ठरवा. कॉलेज, मेस आणि महिन्यातून एकदा घर, यासाठी १०,००० चा पाइप नको. दुसरं, पाइप कुठल्या आर.पी.एम.साठी आणि कुठल्या पोर्टिंगसाठी बनवलाय हे विकणाऱ्याला विचारा. सांगता आलं नाही तर तो पाइप नाही, नुसतं पत्र्याचं नळकांडं आहे. तिसरं, पाइप बदलला की जेटिंग आणि प्लग तपासणं आलंच. चौथं, आधी जुनाच साफ करून बघा. टू-स्ट्रोकचं ऑइल जळून पुंगळीत काजळी साठते आणि वाट अडते. 'पॉवर गेली' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाची मर्यादा मोडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडच्या पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शिवाय सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता खालून फटफट ऐकू आली, की मालकाबद्दल मजल्यामजल्यावर काय बोललं जातं तेही मी ऐकलंय. त्यात एकदा माझंच नाव होतं.

सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला. गॅरेजवाल्या काकांनी कंपनीचा जुना सायलेन्सर माळ्यावरून काढायला लावला, पुंगळी स्वच्छ करून परत बसवली. त्याच घाटात, त्याच रूममेटला घेऊन गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. बाबा बोलायला लागले ते त्यानंतर. असो. ती साडेतीन हजारांची पुंगळी अजून माझ्या कॉटखाली पडून आहे. कुणाला टेप लावून मोजायची असेल तर खुशाल या, वही-पेन मात्र आपापलं आणा.