परभणीची फुलराणी कशी बोलली असती?

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची १९७५ साली ‘ती फुलराणी’ झाली. पुलंनी लंडनची फूलवाली मराठी बाजारात आणून उभी केली, भक्ती बर्वेंनी तिच्यात जीव ओतला आणि नाटक परदेशी आहे हे प्रेक्षक विसरून गेले. पण नाटक मराठीत आणायचं ते कुणाच्या मराठीत, हे रूपांतरकाराला आधी ठरवावं लागतं. शुद्ध कोण, गावंढळ कोण, याची वाटणी तिथंच होऊन जाते. बोलण्यावरून माणसाची पायरी ओळखणाऱ्या या नाटकात ‘काय करायलास?’ असं विचारणारा परभणीकर कुठल्या पायरीवर बसला असता, हे सांगायला नको.

रूपांतरातून ‘आपण कोण’ हे ठरवण्याची ही खटपट जुनी आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात कालिदासाचं ‘शाकुंतल’ मराठीत रंगवलं. पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. म्हणजे ज्या संगीत नाटकाचा आपण अस्सल मराठी म्हणून अभिमान बाळगतो, त्याची ठिणगी लखनौच्या उर्दू नाटकातली! (सोवळ्यातल्या मंडळींना हे सांगताना मला भारी मजा येते.) पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’. साहेबाचा शेक्सपिअर आमच्या भाषेलाही पेलतो, हे दाखवण्यात गुलाम समाजाचा स्वाभिमान होता.

तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. १८८४पासून तिथला कारभार उर्दूत चालू लागला. पुढं उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादेत खास भाषांतर विभाग निघाला, तोही उर्दूसाठी. सरकारी खजिन्यातून जगाचं ज्ञान ज्या भाषेत येत होतं, ती इथल्या बहुतेक घरांतली नव्हती. अशा मुलखात मराठी नाटक ही नुसती करमणूक राहत नाही; आपली भाषा टिकून असल्याची ती खूण होते. ते पुण्याच्या बोलीत आहे की आपल्या, हा प्रश्न मग मागं पडतो. १९४८ साली निजामी गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी तो मागंच राहिला.

लक्ष्मण देशपांडे यांनी तो पुढं आणला. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी करत त्यांनी मराठवाडी बोली जगभर ऐकवली. लोक पोट धरून हसले. मात्र त्यानंतर ही बोली रंगमंचावर बहुधा हसवण्यापुरतीच उरली, ही माझी तक्रार आहे.

शिरवाडकरांना शेक्सपिअरच्या ‘लिअर’मध्ये थकलेला नट दिसला आणि १९७०मध्ये ‘नटसम्राट’ आलं. गोदाकाठच्या माणसाला त्यात सातबारा लेकींच्या नावे करून उघड्यावर पडलेला बाप दिसेल. राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर उतरणाऱ्या संघांनी हा लिअर एकदा गंगाखेड-सोनपेठच्या बोलीत करून पाहावा. विनोदी करू नये, एवढीच अट.