स्वस्तातले ऑटोमॅटिक घड्याळ : नाव पाहू नका, मशीन पाहा

मोबाइल फोन हाती आल्यापासून वेळ पाहण्यासाठी मनगटी घड्याळाची गरज उरली नाही. गरज संपली, पण शौक संपला नाही. सेल न लागणारे, हाताच्या हालचालीवर चालणारे ऑटोमॅटिक घड्याळ बाळगण्याची आवड तरुणांत पुन्हा दिसू लागली आहे. सोलापूरच्या बाजारातही बड्या स्विस कंपन्यांची नावे छापलेली अशी घड्याळे हजार-दोन हजारांत मिळतात. अस्सल घड्याळाची किंमत लाखांत असते. त्यामुळे हा माल नकली आहे, हे विकणारा जाणतो आणि बहुधा घेणाराही जाणतो.

असेच एक घड्याळ काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने घेतले. तिसऱ्या आठवड्यात ते रोज पहाटे बंद पडू लागले. फसलो असे वाटून आम्ही एका वयस्कर घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाले, "याला काही झालेले नाही. तुम्ही दिवसभर खुर्चीवर बसता, म्हणून हे उपाशी राहते." त्या दिवशी त्यांनी जे समजावले, त्याला नंतर आम्ही स्वतः शिकलेल्याची जोड देऊन ते येथे मांडत आहोत.

आत काय असते?

ऑटोमॅटिक घड्याळाच्या मागच्या बाजूस अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन असते. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि दातेरी चाकांच्या मदतीने मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. ही स्प्रिंग हळूहळू उलगडते व काटे चालवते. बॅलन्स नावाचे चाक मागे-पुढे झुलत राहून तिच्या उलगडण्याला शिस्त लावते. स्वस्त मशीनमध्ये हे ठोके साधारणपणे तासाला २१,६०० म्हणजे सेकंदाला ६ असतात. पुष्कळशा महागड्या स्विस मशीनमध्ये ते सेकंदाला ८ असतात, म्हणून त्यांचा सेकंदकाटा अधिक सलग सरकताना दिसतो.

नकली घड्याळांत बहुतेक वेळा चिनी मशीन असते. त्यांपैकी सर्रास आढळणारे एक मशीन जपानच्या मियोटा कंपनीच्या ८२१५ या मशीनच्या धर्तीवर बनलेले आहे. मियोटा ही सिटिझन समूहातील कंपनी. आता गंमत पाहा. आपल्या सरकारी एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, तो याच सिटिझनच्या सहकार्याने. लग्नात नवरदेवाला एचएमटी घड्याळ देण्याची प्रथा होती. त्यातले 'कांचन' हे ऑटोमॅटिक घड्याळ अनेक घरांच्या कपाटात आजही असेल. त्याचे मशीनही सिटिझनच्याच घराण्यातले. म्हणजे तबकडीवर नाव स्वित्झर्लंडचे, पण आतले यंत्र आपल्या वडिलांच्या घड्याळाचे दूरचे नातेवाईक!

बिघाड की गैरसमज?

दुरुस्तीला जाण्याआधी पुढील गोष्टी घरीच तपासाव्यात.

*रात्रीत बंद पडणे.* चावीने किल्ली देता येणारे मशीन असेल तर २५-३० फेरे द्यावेत आणि घड्याळ टेबलावर ठेवून किती तास चालते ते पाहावे. ३५ ते ४० तास चालले, तर मशीन ठीक आहे. अशा वेळी हाताची हालचाल कमी पडते आहे किंवा रोटरकडून स्प्रिंग नीट भरली जात नाही. पंधरा-वीस तासांतच थांबले, तर तेल सुकले आहे किंवा स्प्रिंग थकली आहे असे समजावे.

*एकाएकी पुढे पळणे.* काल बरोबर असलेले घड्याळ आज काही मिनिटे पुढे गेले, तर प्रथम चुंबकाचा संशय घ्यावा. स्पीकर, मोबाइलचे चुंबकी झाकण, पर्सचे चुंबकी बटण यांच्याजवळ ठेवल्याने केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित होते व तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई जोरात हलली, तर संशय बळावतो. घड्याळजींकडे चुंबकत्व काढण्याचे छोटे यंत्र असते. काम काही क्षणांचे आहे.

*रोज थोडे मागे-पुढे होणे.* दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत ३० सेकंदांची चूक या किमतीच्या मशीनला माफ आहे. सेल घातलेल्या घड्याळाशी याची तुलना करू नये.

*खडखड आवाज.* मियोटा पद्धतीच्या मशीनमध्ये रोटर एकाच दिशेने स्प्रिंग भरतो आणि दुसऱ्या दिशेने मोकळा गरगरतो. हा दोष नव्हे. पण धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर रोटरचा स्क्रू ढिला झाला आहे. घड्याळ हातातून काढून दाखवून घ्यावे, नाहीतर तो आतील भाग कुरतडतो.

*तारीख अडकणे.* रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात. तेव्हा चावीने तारीख बदलली तर दाते मोडतात. आधी काटे सहाच्या आसपास आणावेत, मग तारीख लावावी.

*काचेखाली वाफ.* नकली घड्याळावरील 'वॉटर रेझिस्टंट' हे शब्द केवळ छपाई आहे, असेच धरून चालावे. वजू करताना, हातपाय धुताना घड्याळ काढून ठेवावे. वाफ दिसली की त्याच दिवशी झाकण उघडून घ्यावे. पाणी आत राहिले तर गंज चढतो, आणि गंजलेल्या मशीनला इलाज नाही. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळही तेलाला मानवत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुरुस्तीचे गणित

पूर्ण मशीन खोलून, धुऊन, तेल देण्यास कुशल कारागिराला काही तास लागतात. त्याची रास्त मजुरी स्वस्त चिनी मशीनच्या किमतीहून जास्त होऊ शकते. म्हणून अशा घड्याळात पुष्कळदा संपूर्ण मशीनच बदलले जाते. हौशी माणसाने मात्र बदललेले जुने मशीन फेकू नये. खोलण्या-जोडण्याचा हात बसवण्यासाठी त्याहून स्वस्त शाळा मिळणार नाही.

घेताना आणि विकताना

दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हौशी माणूसही इथेच घसरतो. स्वतः नकली म्हणून घेतलेले घड्याळ तो कंटाळल्यावर दुसऱ्याला मोघम बोलून विकतो. त्या क्षणी तो हौशी राहत नाही.

जुन्या एचएमटीतही सावध राहावे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतल्यानंतर जुन्या घड्याळांना मागणी आली आणि तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदाही फोफावला. अक्षरे पसरट, रंग भडक, तबकडीवर २१ ज्युवेल आणि मशीनवर १७, किंवा 'ऑटोमॅटिक' लिहिलेले पण आत रोटरच नाही, ही त्याची लक्षणे. म्हणून झाकण उघडून दाखवल्याशिवाय सौदा करू नये.

नव्याने शौक लागलेल्यांना आमचा सल्ला असा की, त्याच पैशांत स्वतःच्या नावाने विकले जाणारे साधे घड्याळ किंवा चालू स्थितीतील जुने एचएमटी घ्यावे. घरात बंद पडलेले एखादे असेल, तर सुरुवात त्यापासूनच करावी. आमचे ते नकली घड्याळ आजही चालते. कोणी नाव वाचून किंमत विचारली, तर आम्ही आधी "नकली आहे" असे सांगतो आणि मग मागचे झाकण उघडून मशीन दाखवतो.