यष्ट्यांमागचे हात : जनार्दन नवले

जनार्दन ज्ञानोबा नवले हे भारताचे पहिले कसोटी यष्टीरक्षक. त्यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ रोजी महाराष्ट्रातील फुलगाव येथे झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून उतरले, आणि पुढची सुमारे दीड दशके त्या संघाच्या यष्ट्यांमागची जागा त्यांचीच राहिली.

त्या वेळी भारतीय खेळाडूचे नाव होत असे ते या स्पर्धेतच. १९०७ साली हिंदू संघ आल्यावर युरोपियन आणि पारशी यांच्यातले सामने तिरंगी झाले, १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि ते चौरंगी झाले. रणजी करंडक सुरू व्हायला १९३४ उजाडले. म्हणजे नवले यांची उमेदीची सारी वर्षे वर्षाकाठी जेमतेम दोन सामन्यांच्या या स्पर्धेत आणि अधूनमधून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांविरुद्ध गेली. आजच्या खेळाडूंच्या आकड्यांशेजारी त्यांचे आकडे ठेवून पाहणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

यष्टीरक्षकाचे काम धावफलकावर फारसे उमटत नाही. टेनिस चेंडूने खेळताना कीपर उघड्या हातांनी उभा राहू शकतो. सीझन बॉलपुढे ते शक्य नाही. दीडशे ग्रॅमहून जड, टणक असा तो चेंडू दिवसभर शेकडो वेळा हातात घ्यायचा असतो. बोटे चेंडूच्या दिशेने रोखली तर टोकावर आघात होऊन सांधा निखळतो किंवा मोडतो. म्हणून बोटे खाली किंवा बाजूला वळवून, तळवा मोकळा ठेवून, चेंडू आला की हात किंचित मागे घ्यायचे. वेगवान गोलंदाजाचा चेंडू मागे उभे राहून घेता येतो. मंदगती गोलंदाजासाठी मात्र यष्ट्यांना खेटून उभे राहावे लागते, आणि तिथे फलंदाजाच्या शरीराआड चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. खरा कीपर ओळखायचा तो इथे. नवले यांची ख्याती होती ती याच जागी लागणाऱ्या चपळाईबद्दल.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हेच काम कॅचर करतो. उघडपणे पगारी असलेला पहिला संघ, सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज, १८६९ साली उभा राहिला. त्याचा कॅचर डग ॲलिसन याला त्या हंगामाचे ८०० डॉलर मिळत. सुरुवातीचे कॅचर उघड्या हातांनीच खेळत. दुखावलेल्या हातावर हातमोजा चढवणाऱ्या पहिल्या खेळाडूंमध्ये ॲलिसनचे नाव घेतले जाते. तोंडावरची जाळी १८७७ च्या सुमारास आली. ॲलिसनची बोटे झिजली, पण त्या झिजेचा मोबदला ठरलेला होता. नवले यांच्या बाबतीत तसे नव्हते.

१९३२ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. गांधीजींच्या अटकेमुळे विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी जाण्याचे नाकारले होते. पोरबंदरचे महाराज नावापुरते कप्तान होते, पण लॉर्ड्सवरच्या भारताच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नेतृत्व सी. के. नायडू यांच्याकडे सोपवले. २५ जूनला इंग्लंडने फलंदाजी घेतली. सलामीला होते होम्स आणि सटक्लिफ. नऊ दिवसांपूर्वीच यॉर्कशायरसाठी त्यांची ५५५ धावांची भागी पूर्ण झाली होती. मोहम्मद निसार यांनी दोघांचेही त्रिफळे उडवले, वूली धावचीत झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. एका बाजूने निसारचा भन्नाट वेग, दुसऱ्या बाजूने अमरसिंगचा खेळपट्टीवर पडून उसळणारा चेंडू. दोघांच्या मागे उभे राहणे ही कोणत्याही कीपरची कसोटीच. तरीही २५९ धावांच्या त्या डावात अवांतर धावा फक्त १५ होत्या. कप्तान जार्डिन ७९ वर असताना नायडूंच्या गोलंदाजीवर नवले यांनी त्याचा झेल घेतला. भारतीय यष्टीरक्षकाने कसोटीत टिपलेला हा पहिला बळी.

एवढ्यावर त्यांचे काम संपले नाही. डावभर यष्ट्यांमागे वाकून उठलेले नवले पॅड बदलून सलामीला गेले. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू त्यांनी खेळला. नऊमल जेऊमल यांच्यासह ३९ धावांची सलामी झाली. नवले १२ धावांवर बोजच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले. दुसऱ्या डावात त्यांनी १३ केल्या. भारत १५८ धावांनी हरला.

डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर झाली. लाला अमरनाथ यांच्या ११८ धावांमुळे ती लक्षात राहिली. नवले यांनी १३ आणि ४ धावा केल्या. पुढच्या, कलकत्त्याच्या कसोटीत त्यांच्या जागी दिलावर हुसेन आले आणि त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके ठोकली. नवले यांची कसोटी कारकीर्द तिथेच थांबली: दोन सामने, चार डाव, ४२ धावा, एक झेल. यष्टीरक्षकाची निवड फलंदाजीवरही तोलली जाते, हा वाद भारतात पुढे अनेकदा उफाळला. त्याची पहिली झळ बसली ती त्यांना.

लॉर्ड्सच्या त्या कसोटीतले इंग्लंडचे यष्टीरक्षक लेस एम्स केंटचे व्यावसायिक खेळाडू होते. काउंटीचा पगार, आणि दीर्घ सेवेनंतर बेनिफिट सामन्याची रक्कम, अशी तिथली रीत होती. भारतात तशी कोणतीच व्यवस्था नव्हती. संस्थानिकाचा आश्रय किंवा एखादी नोकरी, एवढेच खेळाडूचे आधार, आणि खेळ सुटला की तेही सुटण्याची भीती. नवले यांनी उतारवयात साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात ते राहत. देशासाठी पहिला चेंडू खेळलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे भारतीय क्रिकेटला शोभणारे नाही. ७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. निवृत्त कसोटीपटूंना दरमहा निवृत्तिवेतन देण्याची क्रिकेट मंडळाची योजना एकविसाव्या शतकात सुरू झाली.