उष्णता अडते ती सांध्यावर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात प्रोसेसरवरचा पंखा काढला की खाली राखाडी मलमाचा सुकलेला थर दिसतो. कारागीर तो पुसून काढतो आणि नवी थर्मल पेस्ट लावतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते टेकतात मोजक्या उंचवट्यांवरच. मधल्या फटींत हवा असते आणि हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. पेस्ट असते ती ही हवा हाकलण्यासाठी.

पण फट अजिबात उरली नाही, अणूला अणू भिडला, तर? तरीही उष्णता अडते. १९४१ साली रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्झा यांना आढळलं, की तांबं आणि द्रवरूप हेलियम यांच्यातून उष्णता वाहताना नेमकं सीमेवर तापमान एकदम उडी घेतं. सांध्याच्या या विरोधाला आज त्यांचंच नाव आहे.

कारण उष्णतेच्या प्रवासातच आहे. ग्राफीन, ग्राफाइट यांसारख्या कार्बनच्या पदार्थांत उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनांच्या लहरींतून पुढे सरकते. या लहरींच्या पुडक्यांना फोनॉन म्हणतात. प्रत्येक पदार्थाची कंपनं वेगळी. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. गाडी कितीही वेगवान असली तरी रुळांची रुंदी बदलली की ती तिथंच थांबणार, माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागणार. फोनॉनचंही तसंच. पलीकडच्या पदार्थात जुळणारं कंपन मिळालं तर तो पार होतो, नाहीतर बराचसा मागे परततो.

ग्राफीनच्या बाबतीत ही गोष्ट फार महागात पडते. कार्बनच्या अणूंचं हे एकपदरी जाळं. अणू हलके, बंध अतिशय घट्ट, त्यामुळे लहरी सुसाट धावतात. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी सिलिकॉनच्या चकतीवरल्या, काही मायक्रॉन रुंदीच्या चरावर ग्राफीन अधांतरी ताणलं आणि मधोमध लेसर सोडला. तोच झोत पापुद्रा तापवतो आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वारंवारितेतून तापमानही सांगतो. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम इथे थर्मामीटर झाला! उष्णतावाहकतेचं उत्तर आलं मीटर-केल्विनला सुमारे ५,००० वॅट. तांब्याचा आकडा ४००च्या आसपास आहे.

हा ५,००० एकटाच छापलेला दिसला की मला खटकतं, कारण तो अधांतरी पापुद्र्याचा आहे. वापरात ग्राफीन कशावर तरी टेकवावंच लागतं. २०१० मध्ये सिलिकॉन डायॉक्साइडवर ठेवलेल्या ग्राफीनची वाहकता मोजली, तर ती ६००च्या घरात आली. पापुद्र्याची वरखाली होणारी थरथर बरीचशी उष्णता वाहते; खालच्या आधाराला चिकटताच तीच दबते. शिवाय ग्राफीन आणि तो आधार यांच्या सीमेचा विरोध सुमारे १० नॅनोमीटर जाड काचेइतका भरतो. ग्राफीनची स्वतःची जाडी ०.३३५ नॅनोमीटर! म्हणजे सांधा पदार्थाहून तीसेक पट जाड.

ग्राफाइटमध्ये तर ही सीमा पदार्थाच्या पोटातच असते. थरांना बांधून ठेवणारं बळ क्षीण, त्यामुळे उत्तम ग्राफाइटमध्ये थराच्या दिशेनं वाहकता २,०००च्या आसपास, तर आडवी, एका थरातून दुसऱ्यात, जेमतेम ६ ते ७. मोबाइलमध्ये ग्राफाइटचा पत्रा बसवतात तो याच गुणासाठी. तो उष्णता चिपवरून बाजूला पसरवतो, म्हणजे एकाच जागी चटका बसत नाही.

प्लास्टिकमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळून ते तांब्यासारखं उष्णतावाहक करता येईल, ही आशा मात्र सांध्यांनीच मोडली. प्रत्येक नळी उत्तम वाहक, पण नळी आणि प्लास्टिक यांच्यात सीमा, नळी आणि नळी यांच्यातही सीमा, अशा असंख्य.

उपाय आहेत. नळीच्या अंगाला रासायनिक बंधानं रेणू जोडले तर पलीकडच्या पदार्थाशी पकड बसते आणि सीमेचा विरोध कमी होतो. पण असा प्रत्येक बंध नळीच्या जाळीत एक खोट निर्माण करतो, त्यावर फोनॉन विखुरतात आणि नळीची स्वतःची वाहकता घसरते. म्हणून बंध किती आणि कुठे, हे ठरवणं हाच या कामातला अवघड भाग. नळ्या उभ्या, दाट उगवून त्यांची फक्त टोकं इंडियमसारख्या मऊ धातूनं डाखण्याची वाटही आहे. तिथे जाळीला मधे कुठेच हात लावावा लागत नाही.