हरत्या संघासाठी प्रशिक्षक हवा

डबघाईला आलेल्या शाखेवर कोणाला पाठवायचे, हा प्रश्न बदल्यांच्या मोसमात आमच्या बँकेत हमखास निघे. नावाजलेला मॅनेजर पाठवला, की तो मार्चअखेरचे आकडे चमकवून वर्ष-दोन वर्षांत वर सरके. शाखेला गरज असे ती पाच-सहा वर्षांच्या मशागतीची.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, मालकांना हाच पेच दर उन्हाळ्यात पडतो. तिथला नियम मोठा गमतीचा आहे. तळाला राहिलेल्या संघांना नवे खेळाडू निवडण्याच्या सोडतीत झुकते माप मिळते. म्हणून महागडे, मुरलेले खेळाडू देऊन टाकायचे, पोरसवदा मुले घ्यायची आणि दोन-तीन वर्षे मुकाट हरायचे. याला म्हणायचे पुनर्बांधणी! मालकाला हरणे परवडते. त्याची वसुली पुढे व्हायची असते. पराभवानंतर वीस-एकवीस वर्षांच्या मुलांसमोर उभे राहून दुसऱ्या दिवशीचा सराव घ्यायचा असतो, तो मात्र प्रशिक्षकाला.

डेट्रॉइट पिस्टन्सने २०२३ मध्ये माँटी विल्यम्स यांना नेमले. फिनिक्सला २०२१ च्या अंतिम फेरीत नेणारे नामवंत गृहस्थ. करार सहा वर्षांचा, सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलरचा. त्या मोसमात संघ ओळीने २८ सामने हरला, ८२ पैकी अवघे १४ जिंकला. पाच वर्षे शिल्लक असताना त्यांना नारळ मिळाला.

ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२० मध्ये निवडलेले मार्क डेग्नॉल्ट ३५ वर्षांचे. एनबीएत ते कधी खेळलेले नव्हते. पण याच मालकांच्या दुय्यम संघाला त्यांनी पाच वर्षे शिकवले होते. पहिल्या मोसमात ७२ पैकी २२ विजय, दुसऱ्यात ८२ पैकी २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना ७३ गुणांनी झोडपले. एवढ्या फरकाने एनबीएत कोणीच हरलेले नाही. तरी खुर्ची हलली नाही. पुढे विजय ४०, मग ५७, मग ६८ आणि जून २०२५ मध्ये अजिंक्यपद.

शे गिलजस-अलेक्झांडरसारखा हिरा त्यांच्या हाती आधीच होता, हे खरे. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. थंडरने माणूस मुलाखतीच्या तासाभरात जोखला नव्हता. रिकाम्या गॅलरीपुढे तो मुलांना कसा शिकवतो, हे वर्षानुवर्षे पाहिले होते. कर्ज देतानाही आम्ही ताळेबंदापेक्षा दुकानात चार चकरा मारण्यावर अधिक विसंबत असू.

अर्थात, मशागत करणाऱ्यालाच पीक मिळते असेही नाही. फिलाडेल्फियाच्या ब्रेट ब्राउन यांनी २०१३ पासूनच्या पहिल्या तीन मोसमांत ४७ विजय आणि १९९ पराभव पाहिले. पाचव्या मोसमात त्यांनी ५२ सामने जिंकून दाखवले. २०२० मध्ये संघ बोस्टनकडून पहिल्याच फेरीत चार-शून्य हरला आणि ब्राउन यांना काढण्यात आले. एम्बीड आणि सिमन्स हे त्यांनीच घडवलेले मोहरे संघात राहिले. पुढच्याच मोसमात, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, संघ पूर्व विभागात पहिला आला.