हाडांतील पोलाद आणि त्यावरील कल्हई

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली कीं त्यांत कढी करूं नये, हें शहाणपण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. आंबट पदार्थाला धातु लागूं नये म्हणून मध्यें कथिलाचा पातळ थर द्यावयाचा, एवढेंच तें शास्त्र. मनुष्याच्या शरीरांत बसविलेल्या पोलादाविषयींहि असाच प्रश्न उभा राहतो, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील रिठदसारख्या गांवीं कोणी गाडीवरून पडून मांडीचें हाड मोडलें, तर त्याला वाशीम अथवा अकोल्यास नेतात. पट्टी व स्क्रू घालून हाड जोडतात आणि रोगी घरीं येतो. पुढें वर्षानुवर्षें तें पोलाद आंत कोणत्या स्थितींत असतें?

शरीरांतील द्रव खारट आहे, शिवाय ऊब सदैव ३७ अंशांची. साधें लोखंड तेथें टिकावयाचें नाहीं. ब्रेअर्ली यानें १९१३ सालीं शेफील्ड येथें क्रोमियमयुक्त पोलाद ओतलें, तेव्हांपासून ‘न गंजणारें’ हें नांव रूढ झालें. पण नांवावर जाऊं नये. यांतील क्रोमियम प्राणवायूशीं संयोग पावून पृष्ठभागावर आपोआप एक पापुद्रा धरतें. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील दोन ते पांच भाग एवढीच त्याची जाडी! ओरखडा गेला तरी तो पुन्हां धरतो. कल्हईच्या अंगीं हा गुण नाहीं. शरीरासाठीं ठरविलेल्या ३१६ एल प्रतींत क्रोमियम शेंकडा १७ ते १९ व निकेल १३ ते १५ असतें. मिठानें खळगे पडूं नयेत म्हणून थोडें मॉलिब्डेनमहि घालतात.

मग बिघडतें कोठें? स्क्रूचें डोकें पट्टीवर जेथें टेकतें, त्या फटींत. तेथें प्राणवायु पोंचत नाहीं, म्हणून फाटलेला पापुद्रा पुन्हां धरत नाहीं. क्षार व आम्ल मात्र साचत जातात. त्यांत प्रत्येक पावलागणिक दोन्ही धातु एकमेकांवर घासतात. अशा झिजेंतून लोह, क्रोमियम व निकेल यांचे अंश भोंवतालच्या मांसांत उतरतात. ज्यांना निकेल सोसत नाहीं त्यांना यानें त्रास होऊं शकतो, आणि क्वचित् गंजलेल्या जागीं पट्टीच मोडते.

यावर पहिला उपाय म्हणजे वस्तु घोटून गुळगुळीत करणें व नत्राम्लांत बुडवून तिचा स्वतःचा पापुद्रा बळकट करणें. याला लेप म्हणणें बरोबर नव्हे, पण सर्वांत भरंवशाचें काम हेंच. खरा लेप हाडाच्याच खनिजाचा, म्हणजे हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा, देतां येतो. कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राशीं संबंधित संशोधकांनीं ३१६ एल पोलादावर विजेच्या साहाय्यानें तो बसविण्याचे प्रयोग केले असून २००३ सालीं ते प्रसिद्ध झाले आहेत. असा लेप नुसता बसवून भागत नाहीं. तो निर्वात भट्टींत तापवून पक्का करावा लागतो. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, कठीण थरहि देतात.

मात्र ‘लेप दिलेली’ एवढ्या शब्दांवर भुलूं नये, असें मला वाटतें. लेपाला सुईच्या टोंकाएवढें छिद्र राहिलें, तर सगळा मारा त्या एका जागीं होऊन खळगा खोल जातो. आणि पट्टी बसवितांना ती वांकवावी लागते, स्क्रू आवळावे लागतात. कठीण लेपाला तडा जाण्यास एवढें पुरे! म्हणून पट्टी व स्क्रू एकाच धातूचे असणें, आणि शस्त्रवैद्यानें पट्टी पुनःपुन्हां न वांकविणें, यांचें मोल लेपाहून कमी नाहीं.

कुटुंबानें करावयाची गोष्ट सोपी आहे. कोणता धातु, कोणाची घडण, कोणता तुकडी-क्रमांक, हें रुग्णालयाकडून लिहून घेऊन तो कागद जपावा. लहान मुलांचीं हाडें वाढत असल्यामुळें त्यांच्या पट्ट्या बहुधा काढतात. वृद्धांच्या पुष्कळदां तशाच ठेवतात. वर्षांनंतर त्या जागीं ठणका किंवा सूज आली, तर संधिवात म्हणून तेल चोळीत न बसतां तो कागद घेऊन वैद्याकडे जावें. पट्टी काढलीच, तर ती मागून घ्यावी आणि स्क्रूच्या भोंकांच्या कडा उजेडांत निरखाव्या. मधला भाग आरशासारखा लखलखीत आणि त्या कडांवर काळसर डाग अथवा बारीक खळगे असले, तर फटींतील गंज तो हाच.